महाडची वाट, लाल धूळ आणि मोटारसायकलचा फोर्क

वर्षातून दोन वेळा महाडच्या वाटेवर निळ्या झेंड्यांची रीघ लागते. २० मार्च हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस आणि २५ डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस. कोणी एसटीने येतो, कोणी टेम्पो-ट्रक ठरवून येतो. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पट्टा सुरू झाल्यापासून कोणी रेल्वेने वीरला उतरून पुढे येतो. आणि आता मोटारसायकलींनी येणाऱ्यांची संख्याही काही कमी नाही. आमच्या वस्तीतूनही या मार्चमध्ये सहा मोटारसायकली निघाल्या. त्यांत एक कारखान्यातला फिटर होता, दोघे पालिकेतील कामगार होते, एक जण घरपोच सामान पोहोचवणारा होता. दोन गाड्यांवर नवरा-बायको जोडीने होते. गाडी म्हणजे यांच्यापैकी कोणाचाही शौक नव्हे. सोमवारी सकाळी त्याच गाडीवर कामावर जायचे असते आणि हप्ताही अजून चालू असतो.

चवदार तळ्याविषयी आपल्या घराघरांत बोलले जाते, ते बोलले गेलेच पाहिजे. पण तिथे सुखरूप जाऊन सुखरूप परत कसे यावे, याविषयी फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात वाटेचे वर्णन आहे आणि त्याबरोबर गाडीच्या पुढच्या चाकावरील दोन चकाकत्या पाईपांची कथाही आहे. वाचक बंधू-भगिनींनी ती कंटाळा न करता वाचावी. त्या पाईपांच्या रबरी सीलवर पुढचा ब्रेक आणि पर्यायाने मागे बसलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

पायवाटेपासून चाकापर्यंत

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून आपली माणसे बहुतेक पायीच आली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, पण ओंजळीत पाणी नव्हते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, त्यांची डोकी फुटली. कोर्टाचा लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.

१९२७ च्याच डिसेंबरमधील परिषदेला येताना बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल चालत महाडला आले. सभेसाठी जागा मिळू नये असे प्रयत्न झाले, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. आज ज्या रस्त्याने आपण तासाभरात माणगावहून महाड गाठतो, त्या रस्त्याची किंमत कळण्यासाठी हे आठवावे.

१९२७ मध्ये मोटारसायकली नव्हत्या असे नाही. पण त्यांचा पुढचा भाग वेगळा असे. लोखंडी चौकटीत उघडी स्प्रिंग बसवलेली असे आणि तीच धक्का झेलत असे. तेलाच्या दाबाने धक्का जिरवणारा, एका नळीत दुसरी नळी सरकणारा फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आपल्या गाड्यांवर आणला. पुढे जगभर तोच प्रकार रूढ झाला. आज आपल्या दारातील बहुतेक मोटारसायकलींना तोच फोर्क आहे. आपले मेकॅनिक त्याला 'शॉकअप' म्हणतात.

फोर्कच्या आत काय असते

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय असतो. वर चकाकता क्रोमचा पाईप, खाली अॅल्युमिनियमचे जाड नळकांडे. खड्डा आला की पाईप नळकांड्यात शिरतो, खड्डा गेला की बाहेर येतो. आत स्प्रिंग असते आणि तेल असते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. तेल नसेल तर गाडी घोड्यासारखी उधळेल.

आता पाईप सतत आत-बाहेर करणार आणि तेल मात्र आतच राहिले पाहिजे. हे काम ऑइल सील करते. रबराची कडी, तिच्या आत लोखंडी वळे आणि रबराच्या पातळ ओठाभोवती बारीक स्प्रिंग, अशी तिची रचना असते. तो ओठ पाईपला चिकटून राहतो आणि तेल पुसून परत आत ढकलतो. या सीलच्या वर आणखी एक रबरी टोपी असते, तिला डस्ट सील म्हणतात. तेल अडवणे हे तिचे काम नव्हे. बाहेरची धूळ खालच्या सीलपर्यंत जाऊ नये म्हणून ती दारावर उभी असते.

ऑइल सील बहुधा आपोआप झिजून मरत नाही, धूळ त्याला मारते. चिखल पाईपवर वाळतो. पाईप आत गेला की वाळलेला कण डस्ट सीलच्या ओठाखाली घुसतो. मग तो खाली ऑइल सीलच्या ओठात अडकतो आणि दर खड्ड्याला पाईप व रबर दोन्हीला ओरखडत राहतो. रबराचा ओठ एका केसाएवढा उचलला गेला तरी तेलाला वाट मिळते. पाईपवर चिकटून वाळलेले किडे हेही तसेच शत्रू. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने आलेल्या गाडीचा पुढचा भाग पाहा, म्हणजे कळेल.

पनवेल ते माणगाव

मुंबई-गोवा महामार्गाला पूर्वी १७ क्रमांक होता, आता ६६ आहे. वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव अशी गावे मागे टाकत रस्ता दक्षिणेला जातो. या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम कोकणातल्या माणसाने वर्षानुवर्षे सोसले आहे. जिथे जिथे काम निघते तिथे आधी मुरूम पडतो, मग खडी पडते, मग त्यावरून डंपर जातात. मार्चच्या उन्हात ती धूळ पिठासारखी उडते. पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडीचा कच सुटतो आणि तो नेमका मागच्या मोटारसायकलच्या फोर्कवर येऊन बसतो.

म्हणून आम्ही निघतानाच दोन नियम केले होते. पहिला म्हणजे डंपर आणि ट्रक यांच्या मागे चिकटून चालवायचे नाही. खडा उडून पाईपवर बसला तर क्रोमला टवका जातो. तिथे कोकणातल्या दमट हवेने गंज चढतो आणि तो गंजलेला ठिपका सीलला कानसीसारखा कापत राहतो. दुसरा नियम म्हणजे दर थांब्याला चहा नंतर आणि पाईप पुसणे आधी.

एका तरुणाने गाडी देखणी दिसावी म्हणून पुढचा मडगार्ड कापून लहान केला होता. माणगावपर्यंत त्याच्या फोर्कवर इतरांच्या दुप्पट धूळ बसलेली सर्वांनी पाहिली. मडगार्ड ही शोभेची वस्तू नाही. चाकाने उडवलेला चिखल फोर्कवर आणि इंजिनावर जाऊ नये, हे त्याचे काम. त्याच्या खालच्या टोकाला रबरी फ्लॅप लावला तर आणखी चांगले.

दुसरी गोष्ट झेंड्याची. निळा झेंडा गाडीवर असावा ही सर्वांचीच इच्छा. पण काहीजण झेंड्याची काठी फोर्कच्या पाईपला तारेने आवळून बांधतात. त्या तारेचा ओरखडा पाईपवर राहतो आणि पाईप त्याच जागी आत-बाहेर करतो. झेंडा मागच्या कॅरियरला बांधावा. तिथे तो उंच फडकतो, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही आणि सीलही वाचते.

लोणेऱ्याचा थांबा

माणगाव सोडून पुढे लोणेरे लागते. १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथेच आहे. रस्त्याकडेला सावली पाहून आम्ही थांबलो. आमच्यातील फिटरने नेहमीप्रमाणे सर्व गाड्यांच्या पुढच्या पाईपांवरून बोट फिरवले. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या भावाच्या गाडीशी तो थबकला. डाव्या पाईपवर तेलाचे वर्तुळ उमटले होते, त्यावर धूळ बसून काळी चिकट कडी झाली होती आणि एक ओघळ खाली नळकांड्यावर उतरला होता.

इथे खरी काळजी तेलाची नव्हती, ब्रेकची होती. या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि तो डावीकडेच होता. ओघळ आणखी चार बोटे खाली गेला असता तर तेल डिस्कवर उतरले असते. तेल लागलेली डिस्क ब्रेक पकडत नाही, आणि पॅडने तेल एकदा प्यायले की ते पॅड बदलावेच लागतात. त्या गाडीवर मागे त्याची बायको बसली होती. तिने शांतपणे विचारले, "दादा, म्हणजे ब्रेक लागणार नाही का?" फिटर म्हणाला, "वहिनी, आता लागतोय. घाटात लागेलच, असं मात्र मी म्हणणार नाही."

डिस्क कोरडी होती, हे नशीब. फिटरने कपड्याच्या घडीखाली चपटा स्क्रू-ड्रायव्हर धरून डस्ट सील हलकेच वर उचलली आणि आतली काळी चिकट धूळ पुसून काढली. मग त्याने आपल्या हत्यारांच्या पिशवीतून जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी काढली. तिच्या टोकाला त्याने कात्रीने लहानसा आकडा कापला होता. ती पट्टी पाईप आणि ऑइल सील यांच्यामध्ये हळूच सरकवून त्याने गोल फिरवली, बाहेर काढली, पुसली, पुन्हा फिरवली. चौथ्या वेळी पट्टीवर वाळूचे दोन कण आले. पुढचा ब्रेक दाबून फोर्क आठ-दहा वेळा खाली-वर केला आणि पाईप पुन्हा पुसला. या खेपेस फक्त पुसट ओल आली, ओघळ आला नाही.

हा उपाय तात्पुरता असतो. कण अडकून ओठ उचलला गेला असेल तर कधी कधी त्याने गळती थांबतेही. ओठ फाटला असेल तर मात्र सील बदलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून ठरले ते असे: वहिनी माणगावहून येणाऱ्या एसटीने महाडला जातील, गाडी एकट्याने, सावकाश, सर्वांच्या मध्ये चालेल आणि महाडला पोहोचल्यावर आधी मेकॅनिक पाहायचा. त्या भावाला वाईट वाटले. पण बायकोनेच त्याला समजावले, की तळ्यावर दोघांनी पोहोचणे महत्त्वाचे, एकाच गाडीवर पोहोचणे नव्हे.

दासगाव, गांधारपाले, महाड

दासगाव लागले तेव्हा आम्ही वेग कमी केला. इथूनच १९२७ च्या डिसेंबरमध्ये ती मंडळी चालत निघाली होती. पुढे महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. प्राचीन काळी बंदराकडून घाटमाथ्यावर जाणाऱ्या व्यापारी वाटेवर ही लेणी कोरली गेली. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांनी इथे तासभर काढावा. पायऱ्या चढून वर गेले की खाली गांधारी आणि सावित्री नद्यांचे खोरे दिसते.

महाडमध्ये एका मेकॅनिकने गाडी उघडली. सीलच्या ओठाला चीर होती. त्याने दोन्ही बाजूंची सील बदलली. एकच बदलावी असे कोणाला वाटेल, पण दोन्ही पाय एकाच वाटेने आलेले असतात, दुसरेही फार काळ टिकत नाही आणि मजुरी दुप्पट होते. दोन्ही पायांत तेल कंपनीच्या पुस्तकात दिले आहे त्याच जातीचे आणि तेवढेच, मोजून घालावे लागते. पाईपवर नख फिरवून त्याने टवके आहेत का ते पाहिले. नवे सील घालूनही महिनाभरात पुन्हा गळते अशी अनेकांची तक्रार असते, त्याचे कारण बहुधा तिथेच असते. पाईप गंजलेला असेल तर नवे सीलही कापले जाते. लहानसा टोचरा ठिपका असेल तर तो बारीक वॉटर पेपरने अलगद घासून गुळगुळीत करता येतो. खोल खड्डे पडले असतील तर पाईपच बदलावा लागतो.

तोवर आम्ही तळ्यावर गेलो. आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केले, क्रांतिस्तंभाकडे जाऊन आलो. वहिनी एसटीने आधीच पोहोचल्या होत्या. पायऱ्यांवर बसून एक आजी आपल्या नातवाला सांगत होत्या, की 'चवदार' म्हणजे गोड पाण्याचे तळे. नातवाने विचारले, "मग आपल्याला का देत नव्हते?" या प्रश्नाला १९२७ मध्येही उत्तर नव्हते आणि आजही नाही.

घरी करायची कामे

फोर्क जपण्याला पैसा लागत नाही, सवय लागते. ही कामे घरातील कोणालाही जमतात. गाडी चालवणाऱ्या मुलींनीही ती शिकावीत.

ओल्या मऊ कपड्याने रोज पाईप पुसावा. चिखल वाळला असेल तर आधी पाण्याने भिजवून मऊ करावा. चाकूने, पत्र्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नये.

वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा डस्ट सीलवर थेट मारू देऊ नये. त्याने घाण निघत नाही, उलट आत ढकलली जाते.

पाईप चकाकावा म्हणून जळके ऑइल किंवा खोबरेल चोपडू नये. तेलकट पाईप धुळीला आमंत्रण देतो. रॉकेल-पेट्रोलच्या बोळ्याने पुसू नये. सीलचे ग्रीस धुऊन जाते आणि तो बोळा ब्रेकवर टपकतो. डस्ट सीलच्या आत बोटभर सिलिकॉन ग्रीस पुरते.

धुळीच्या कामावर रोज जाणाऱ्यांनी फोर्कला रबरी बूट बसवून घ्यावेत. जुन्या बुलेटच्या फोर्कला वर पत्र्याचे कव्हर असे. २०१६ मध्ये आलेल्या हिमालयन गाडीला तर कंपनीनेच घड्यांचे रबरी बूट दिले होते. पण बूट बसवले म्हणजे काम संपले असे नाही. त्याची कडी ढिली झाली तर आत चिखल साचतो आणि पाईप आतल्या आत गंजतो. दोन-तीन महिन्यांनी तो वर सरकवून पाहावा.

काही नव्या गाड्यांना उलटा फोर्क असतो, म्हणजे चकाकता पाईप खाली, चाकाजवळ. तिथे त्याच्यापुढे प्लॅस्टिकची ढाल असते. ती मोडली तर तशीच न चालवता लगेच नवी बसवावी.

पोलादपूरकडे

महाडहून पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर. वाटेत सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळातला जुना पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन बसगाड्या वाहून गेल्या. २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला. पोलादपूरहून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडीकडून खेडला जाते. आंबेनळीच्या उतारावर पुढचा ब्रेक सतत लागतो आणि दर ब्रेकला फोर्क दबतो. तेल गळालेला फोर्क तिथे पार तळाला आपटतो आणि चाक रस्ता सोडू पाहते. लोणेऱ्याला घेतलेला निर्णय किती योग्य होता, हे तो उतार पाहिल्यावर सर्वांनाच पटले.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. पाणी ओसरले तेव्हा घराघरांत गाळ होता, गाड्याही गाळात होत्या. असा प्रसंग पुन्हा कोणावर न येवो. पण आला तर लक्षात ठेवावे: गाळात बुडालेली गाडी लगेच चालू करू नये आणि तिचा फोर्क दाबून पाहू नये. आधी हलक्या पाण्याने गाळ धुवावा, मग मेकॅनिककडून डस्ट सील उचलून आतला भाग साफ करून घ्यावा आणि फोर्कचे तेल बदलावे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. नुसता बाहेरून पुसलेला फोर्क आठवड्याभरात सील फाडतो.

परतीच्या वाटेवर काही मंडळी मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी जातात. तिथल्या आतल्या रस्त्यांवर लाल माती आणखी दाट आहे. तेव्हा निघण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत: दोन्ही पाईपांवरून बोट फिरवावे, तेलाची ओल दिसते का पाहावे, ब्रेक दाबून फोर्क खाली-वर करावा, एक मऊ फडके आणि प्लॅस्टिकची पट्टी पिशवीत टाकावी. येत्या २५ डिसेंबरला वस्तीतून गाड्या निघतील तेव्हा प्रत्येक तांड्याने एका जाणत्या माणसावर हे काम सोपवावे. ज्या गाडीचा फोर्क गळतो तिच्यावर दुसऱ्या माणसाला बसवू नये, मग त्याला कितीही वाईट वाटो. महाडला जाणारा प्रत्येक जण घरी परतला पाहिजे. जयभीम!